अनुपलब्धीची नोंद

ग्रंथालयांच्या व्यवहारात 'उपलब्ध नाही' या शेऱ्याइतका संदिग्ध शेरा दुसरा नसेल. मागणीपत्र परत येते, त्यावर हे दोन शब्द असतात आणि त्यांतून काय समजायचे ते वाचकावर सोपवलेले असते. पुस्तक ग्रंथालयाने कधी घेतलेच नाही, घेतले पण कुणाकडे तरी अडकले आहे, बांधणीला गेले आहे, भलत्याच कपाटात ठेवले गेले आहे, की वाळवीने केव्हाच संपवले आहे? जुना, जाणता ग्रंथपाल असेल तर मान वर करून सांगतो, 'पुस्तक आहे बाई, पण पुढच्या आठवड्यात या.' 'नाही' आणि 'आत्ता हाती लागत नाही' यांतला फरक त्याला ठाऊक असतो. शेऱ्यात मात्र तो उतरत नाही. साहित्याच्या अभ्यासकाचे निम्मे काम या फरकावर अवलंबून असते. असे असूनही आपल्या प्रबंधांच्या तळटीपांत त्याला फारसे स्थान मिळालेले दिसत नाही.

हाच फरक अलीकडे एका अगदी वेगळ्या क्षेत्रात माझ्यासमोर आला. महाजालावर 'लिंक्ड डेटा' या नावाने ओळखले जाणारे, परस्परांशी सांधलेल्या माहितीचे साठे आहेत. ते साठे प्रश्नांना उत्तर द्यायला जागेवर आहेत की नाहीत, यावर देखरेख ठेवण्याचे काम काही मंडळींनी वर्षानुवर्षे केले आहे. विषय वरवर पाहता संगणकवाल्यांचा. परंतु त्याचे मर्म आपल्या अभ्यासक्षेत्राशी फार जवळचे आहे असे मला वाटते, म्हणून हा लेखनप्रपंच.

प्रथम थोडी पार्श्वभूमी. टिम बर्नर्स-ली यांनी २००६ साली एका टिपणात चार साधे नियम सुचवले. प्रत्येक वस्तूला, व्यक्तीला, कल्पनेला महाजालावर स्वतंत्र पत्ता असावा. तो पत्ता कुणालाही उघडता यावा. उघडल्यावर प्रमाणित, यंत्रालाही वाचता येईल अशा रूपात माहिती मिळावी. आणि त्या माहितीत इतर पत्त्यांचे दुवे असावेत. ही माहिती तीन पदांच्या छोट्या छोट्या विधानांत मांडली जाते. 'कोसला, लेखक, भालचंद्र नेमाडे' हे एक विधान. 'कोसला, प्रकाशनवर्ष, १९६३' हे दुसरे. मराठी वाक्यात क्रियापद शेवटी येते, इथे संबंध सांगणारे पद मधोमध बसते. व्याकरण शिकवणाऱ्याला जाणवावा असा परकेपणा तेवढाच. अशा अगणित विधानांच्या राशीला प्रश्न विचारायचा तर एक भाषा हवी. तिचे नाव स्पार्कल. २००८ साली वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमने तिला प्रमाण रूप दिले. आणि ज्या पत्त्यावर या भाषेतले प्रश्न स्वीकारले जातात त्याला 'एंडपॉइंट' म्हणतात. या लेखापुरते मी त्याला खिडकी म्हणेन. ग्रंथालयातली देवघेवीची खिडकी आपल्या सर्वांच्या परिचयाची आहे, आणि हे साम्य केवळ वरवरचे नाही.

अशा खिडक्या एकामागून एक उघडत गेल्या. विकिपीडियातील माहिती विधानरूपात मांडणारा डीबीपीडिया हा प्रकल्प २००७ साली सुरू झाला. २०११ साली ब्रिटिश म्युझियमने आपल्या संग्रहासाठी खिडकी उघडली. त्याच वर्षी फ्रान्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयानेही आपल्या सूचीतली माहिती या पद्धतीने खुली करायला आरंभ केला. २०१२ साली विकिडेटा आला; त्याची प्रश्नसेवा २०१५ मध्ये सुरू झाली. नेहमीच्या शोधयंत्राला आपण शब्द देतो आणि ते पाने दाखवते. इथे प्रश्न द्यायचा आणि उत्तर घ्यायचे. '१८५० ते १९२० या काळात जन्मलेल्या, मराठीत लिहिणाऱ्या स्त्रियांची नावे, त्यांचे ग्रंथ आणि त्या ग्रंथांचे अनुवाद मांडून दे' असे एका दमात विचारता येते. ज्यांनी सूचीच्या पत्त्यांत बोटे काळी केली आहेत त्यांना यातले अप्रूप वेगळे सांगायला नको. अर्थात, ज्याची नोंद कुणी केलेलीच नाही ते खिडकीतून येणार नाही, हेही उघड आहे.

एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या माझ्या एका विद्यार्थिनीने संशोधन प्रकल्पासाठी मराठी स्त्रियांच्या लेखनाचे परभाषांतील अनुवाद हा विषय घेतला. आमचे महाविद्यालय तालुक्याच्या गावी. मोठी संदर्भग्रंथालये दूर, प्रवासखर्च परवडणारा नाही. तिने दिवाळीच्या सुट्टीत स्पार्कलचे प्राथमिक धडे स्वतःच गिरवले आणि दोन-तीन साठ्यांना प्रश्न विचारून एक कोष्टक तयार केले. त्यांत एका परदेशी ग्रंथसंस्थेचा साठाही होता. तिचे नाव इथे महत्त्वाचे नाही. कोष्टकात लेखिकेचे नाव, ग्रंथ, सन आणि शेवटचा रकाना अनुवादाचा. त्या रकान्यात बऱ्याच ठिकाणी 'उपलब्ध नाही' असे सुवाच्य अक्षरात लिहिलेले होते.

"हे 'नाही' कुणी सांगितलं?" मी विचारले.

"त्या साठ्यानं, मॅडम."

"साठ्यानं 'नाही' असं उत्तर दिलं, की उत्तरच दिलं नाही?"

ती क्षणभर थांबली. मग म्हणाली, "दोन्ही प्रकार झालेत, मॅडम. पण कोष्टकात दोन्ही सारखेच दिसतात."

तिच्या या वाक्यात सगळा विषय आला. पुढचे काही आठवडे आम्ही दोघींनी या सारखेपणाची उकल करण्यात घालवले, आणि तेव्हा ध्यानात आले की खिडकीच्या मौनाचेही प्रकार आहेत. एक, खिडकीच बंद असते. सर्व्हर प्रतिसाद देत नाही. दोन, खिडकी उघडी असते, प्रश्न स्वीकारला जातो, पण तो पेलत नाही. विकिडेटाच्या सेवेत एका प्रश्नाला ६० सेकंदांची मर्यादा आहे. तेवढ्यात उत्तर तयार झाले नाही तर प्रश्न सोडून दिला जातो. तीन, उत्तर मिळते पण अपुरे. डीबीपीडियाच्या सार्वजनिक खिडकीतून एका वेळी फार तर १०,००० ओळी बाहेर पडतात. पुढच्या ओळी आहेत हे न कळलेला अभ्यासक तेवढ्यालाच पूर्ण समजू शकतो. आणि चार, उत्तर पूर्ण येते आणि ते रिकामे असते. साठ्यात असे विधान खरोखरच नसते. या चौथ्या प्रकारालाच 'नाही' म्हणण्याचा थोडाफार अधिकार आहे. थोडाफार अशासाठी की, लिंक्ड डेटाच्या जगात विधान सापडले नाही म्हणून ते असत्य मानायचे नाही, असा मूळ संकेतच आहे.

या मौनांपैकी पहिल्याची पद्धतशीर नोंद ठेवण्याचे काम २०११ साली सुरू झाले. पियेर-इव्ह वांदनबुश यांनी मोंडेका या फ्रेंच कंपनीच्या प्रयोगशाळेतर्फे सार्वजनिक खिडक्यांची स्थिती दाखवणारे एक पान चालवले. पुढे कार्लोस बुइल-आरांदा, एडन होगन आणि युर्गेन उम्ब्रिख यांच्या सहभागाने त्यातून 'स्पार्कल्स' ही देखरेखीची व्यवस्था आकाराला आली. तिची रीत विलक्षण साधी आहे. दर तासाला प्रत्येक खिडकीपाशी जायचे आणि विचारता येईल असा लहानात लहान प्रश्न विचारायचा: 'तुझ्याकडे एखादे तरी विधान आहे का?' कोणते, कशाविषयी, याच्याशी कर्तव्य नाही. 'हो' आले की त्या तासापुरती खिडकी उघडी. नाही आले, की मौनाची नोंद तासासह करायची आणि पुढे जायचे. आपल्याकडे रात्री गस्त घालणारा जागल्या घराघरापाशी हाक देत जाई, त्याची आठवण व्हावी असा हा प्रकार.

या चौघांचा निबंध २०१३ साली प्रसिद्ध झाला. ४२७ सार्वजनिक खिडक्यांची त्यांनी पाहणी केली होती आणि उपलब्धतेच्या नोंदी २७ महिन्यांच्या होत्या. निष्कर्ष असा, की महिन्यात ९९ टक्के किंवा त्याहून अधिक वेळ उघडी राहील अशी अपेक्षा केवळ ३२.२ टक्के खिडक्यांकडून करता येते. ९९ टक्के हा आकडा ऐकायला भरघोस वाटतो, म्हणून जरा हिशेब करू. ३० दिवसांच्या महिन्यात ७२० तास असतात. त्यातला एक टक्का म्हणजे सात तासांहून थोडा अधिक. महिन्याकाठी एवढे तास खिडकी बंद राहण्याची मुभा देऊनही, तीनांतल्या दोन खिडक्या या कसोटीला उतरत नव्हत्या. याच निबंधात आणखी एक गोष्ट नोंदली आहे, ती सूचीशास्त्राच्या दृष्टीने मला अधिक महत्त्वाची वाटते. आपल्याकडे काय आहे याचे वर्णन जेमतेम एक-तृतीयांश खिडक्यांपाशीच होते. म्हणजे ग्रंथालय आहे, खिडकीही आहे, पण आत कोणत्या विषयाची कपाटे आहेत हे सांगणारी पाटी नाही.

असे का व्हावे? निष्काळजीपणा हे सोपे उत्तर झाले. खरे कारण या व्यवस्थेच्या औदार्यात आहे. सार्वजनिक खिडकीने कुणाचाही, कितीही गुंतागुंतीचा प्रश्न फुकट स्वीकारायचा असतो आणि उत्तर शोधण्याचे सारे कष्ट तिच्या सर्व्हरला करायचे असतात. वाचकाने फक्त विचारायचे. त्यातच असे प्रकल्प बहुधा ठरावीक मुदतीच्या अनुदानावर उभे राहतात. अनुदान संपते, माणसे दुसऱ्या कामाला लागतात, आणि सर्व्हर चालवणे हे कुणाच्याच कामाच्या यादीत उरत नाही. यावर उपाय सुचले नाहीत असे नाही. बेल्जियममधील घेंट विद्यापीठाचे रुबेन वेरबोर्ख आणि त्यांचे सहकारी यांनी २०१४ च्या सुमारास अशी मांडणी केली, की खिडकीने फक्त सोपे, एकपदरी प्रश्न घ्यावेत आणि उत्तरांची जुळवाजुळव विचारणाऱ्याच्या संगणकाने करावी. ग्रंथपालाने पुस्तके काढून द्यावीत, टाचणे वाचकाने काढावीत, असाच हा श्रमविभाग म्हणायचा. अशाने खिडकी अधिक काळ उघडी राहते. वाचकाचा वेळ मात्र अधिक जातो.

खिडकी मिटली की काय होते, याचे एक उदाहरण अध्यापकांनी लक्षात ठेवण्याजोगे आहे. 'प्रोग्रामिंग हिस्टॉरियन' ही मानव्यविद्यांच्या अभ्यासकांना संगणकीय रीती शिकवणारी खुली पाठमाला आहे. तीत २०१५ साली मॅथ्यू लिंकन यांचा स्पार्कलवरचा एक सुबोध पाठ आला. त्यातले सराव ब्रिटिश म्युझियमच्या खिडकीवर बेतलेले होते. कालांतराने ती खिडकी भरवशाची राहिली नाही आणि पाठमालेच्या संपादकांना तो पाठ निवृत्त करावा लागला. पाठातली एकही ओळ खोटी ठरली नव्हती. ज्याच्याकडे बोट दाखवून शिकवायचे, तेच जागेवर राहिले नाही.

याच्या उलट प्रकारही असतो. मे २०२५ मध्ये विकिडेटाने आपला वाढलेला भार हलका करण्यासाठी शोधनिबंधांविषयीची विधाने मुख्य प्रश्नसेवेतून काढून वेगळ्या खिडकीकडे सोपवली. निर्णय जाहीर होता आणि कारणेही रास्त होती. परंतु आधी लिहून ठेवलेला प्रश्न त्यानंतर जसाच्या तसा मुख्य खिडकीत विचारला, तर खिडकी उघडी असूनही उत्तर रिकामे किंवा अपुरे येऊ शकते. दर तासाला हाक देणाऱ्या जागल्याच्या वहीत अशा वेळी 'उघडी' अशीच नोंद होणार.

इथे मला आपल्या परंपरेतली एक जुनी चर्चा आठवते. भाट्ट मीमांसक आणि अद्वैत वेदान्ती यांनी प्रत्यक्ष, अनुमान, उपमान, शब्द आणि अर्थापत्ती यांच्या जोडीला 'अनुपलब्धी' हे सहावे प्रमाण मानले. जमिनीवर घट नाही, हे ज्ञान आपल्याला कशाने होते? घट दिसत नाही, यानेच. नैयायिकांनी अनुपलब्धीला स्वतंत्र प्रमाणाचा मान दिला नाही; पण ज्यांनी दिला त्यांनी एक महत्त्वाची अट घातली. प्रत्येक न दिसणे हे प्रमाण ठरत नाही. वस्तू तिथे असती तर ती दिसलीच असती, अशी परिस्थिती असावी लागते. हीच योग्यानुपलब्धी. अंधाऱ्या खोलीत घट दिसला नाही, यावरून घटाविषयी काहीही सिद्ध होत नाही. सिद्ध होतो तो अंधार.

उपलब्धता आणि अनुपलब्धी हे शब्द एकाच धातूतून आले आहेत, ही गोष्ट या संदर्भात मला फार अर्थपूर्ण वाटते. दर तासाला खिडकीपाशी जाणारी ती देखरेख घटाविषयी बोलतच नाही. दिवा लागलेला होता की नव्हता, एवढेच ती नोंदवते. पण तेवढ्या नोंदीशिवाय 'घट नाही' हे विधान करण्याचा अधिकार आपल्याला मिळत नाही. उघड्या खिडकीतून अपुरे उत्तर येते तेव्हा याच्याही पुढे जाऊन विचारावे लागते, की दिव्याचा उजेड कोणत्या कोपऱ्यापर्यंत पोचत होता.

हा काथ्याकूट कशासाठी, असे कुणी म्हणेल. माझ्या विद्यार्थिनीच्या कोष्टकाकडे पुन्हा पाहू. तिच्या प्रकल्पात 'अनुवाद उपलब्ध नाही' असे छापून आले, की उद्या कुणी त्याचा संदर्भ देईल. परवाच्या लेखात तो 'अनुवाद झालेला नाही' होईल. आणि कालांतराने 'अनुवाद व्हावा इतके ते लेखन दखलपात्र ठरले नाही' असा वाङ्मयेतिहासाचा निर्वाळाही त्यातून निघेल. ही भीती काल्पनिक नाही. ताराबाई शिंदे यांची 'स्त्री-पुरुष तुलना' १८८२ साली प्रसिद्ध झाली. १९७५ साली स. गं. मालशे यांनी ती पुन्हा प्रकाशात आणली. मधल्या नऊ दशकांत वाङ्मयचर्चेत ती जवळपास नव्हतीच. १९९४ साली रोझलिंड ओहॅनलन यांचा इंग्रजी अनुवाद आला आणि ती जगभरच्या अभ्यासक्रमांत पोचली. त्या नऊ दशकांत पुस्तक होतेच. दिवा लागलेला नव्हता. स्त्रियांच्या लेखनाच्या बाबतीत आपले पुष्कळसे 'नाही' अंधारात उच्चारलेले आहेत. त्यांत आपण यंत्राच्या साक्षीने आणखी भर घालू नये, एवढीच माझी कळकळ.

मग आम्ही दोघींनी एक साधी वही घातली. रकाने सहा: तारीख, वेळ, कोणती खिडकी, प्रश्नाचा पूर्ण मजकूर, काय आले, आणि कुठून विचारले. शेवटचा रकाना तिच्या सूचनेवरून आला. आमच्या गावात वीज जाते, महाविद्यालयाचे नेटवर्क कधी कधी दुपारभर गायब असते. तेव्हा मौन त्या दूरच्या खिडकीचे की आपल्याच दाराचे, हे कसे ठरवायचे? तिने तोडगा काढला. तोच प्रश्न एकदा महाविद्यालयातून, एकदा तिच्या मोबाइलवरून, आणि दोन्हीकडे मौन आले तर पुण्यात शिकणाऱ्या मैत्रिणीकडून विचारायचा. तिन्हीकडून उत्तर आले नाही तरच खिडकी बंद असे लिहायचे. पहिल्याच आठवड्यात बंद मानलेल्या काही वेळा आमच्याच अंधाराच्या निघाल्या. कोणतीही देखरेख कुठल्या तरी एका ठिकाणी उभी राहूनच पाहते, हे पुस्तकी वाक्य तिला असे घरबसल्या शिकता आले.

प्रकल्पाच्या अंतिम प्रतीत 'उपलब्ध नाही' हा शेरा कुठेही नाही. त्याऐवजी तीन वेगवेगळे शेरे आहेत: 'नोंद आढळली नाही', 'उत्तर अपुरे', 'साठ्याशी संपर्क झाला नाही'. प्रत्येकापुढे तारीख आणि वेळ आहे, आणि विचारलेले प्रश्न परिशिष्टात आहेत. कोष्टक पूर्वीपेक्षा विस्कळीत दिसते हे खरे. तोंडी परीक्षेच्या वेळी बाहेरून आलेल्या परीक्षकांनी नेमके त्यावरच बोट ठेवले आणि एवढ्या तपशिलाची गरज काय, असे विचारले. ती म्हणाली, "सर, उद्या कुणाला हेच शोधायचं झालं, तर कुठे शोधायचं राहिलंय ते त्याला कळावं म्हणून." परीक्षकांनी मान हलवली आणि पुढचा प्रश्न विचारला. तिला गुण किती मिळाले हे इथे गौण आहे.

जागल्याविषयी आणखी एक सांगायला हवे. देखरेखीचे ते पान स्वतःही एका जागी राहिले नाही. मोंडेकाच्या प्रयोगशाळेतून ते ओपन नॉलेज फाउंडेशनच्या पत्त्यावर गेले आणि पुढे व्हिएन्नाच्या अर्थशास्त्र विद्यापीठाच्या आश्रयाला. हाक देणाऱ्यालाही कुणाच्या तरी ओसरीवर पथारी टाकावी लागते. माझ्या टेबलावर शंकर गणेश दाते यांच्या 'मराठी ग्रंथसूची'चे खंड आहेत. पहिल्यात १८०० ते १९३७ आणि दुसऱ्यात १९३८ ते १९५० या काळातले ग्रंथ नोंदलेले आहेत. वीज असो वा नसो, ते उत्तर देतात. मात्र दात्यांनी ज्या क्रमाने मांडले त्याच क्रमाने, आणि १९५० च्या पुढचे काही विचारले तर मौन. पण ते मौन कुठे सुरू होते ते मुखपृष्ठावरच छापलेले आहे, आणि म्हणून ते कुणाला फसवत नाही. खिडक्यांकडूनही याहून अधिक मागणे नाही. उघड्या किती काळ राहणार, आत काय आहे आणि काय नाही, एवढे त्यांनी दारावर लिहावे. ते लिहिलेले नसेल तेव्हा आपल्या वहीत लिहावे.

आपण अध्यापक मंडळी विद्यार्थ्यांना अवतरण कसे द्यावे, पृष्ठांक कसा द्यावा, हे निगुतीने शिकवतो. जे सापडले त्याची नोंद करण्याचे शिक्षण ते झाले. जे सापडले नाही त्याचीही नोंद कशी करावी, कुठे, केव्हा, कोणत्या शब्दांत विचारले होते आणि कोणत्या प्रकारचे मौन परत आले, हे पहिल्या सत्रातच शिकवायला हवे असे मला वाटते. येत्या जूनपासून मी संशोधनपद्धतीच्या तासाला मागणीपत्र आणि तो सहा रकान्यांचा कागद असे दोन्ही वाटणार आहे. इतर महाविद्यालयांतल्या सहकाऱ्यांना रकाने वाढवावेसे वाटले, तर अवश्य कळवावे.